ओट्यावर दोन बोटं

तोंडाला साबण लावला की डोळे मिटावेच लागतात, आणि डोळे मिटले की मी डुलायला लागते. त्यामुळे एका हाताने बेसिनची कड धरायची आणि दुसऱ्या हाताने चेहरा धुवायचा, अशी सवय मला कधी लागली ते सांगता येणार नाही. ती पकडली डॉक्टरांनी. पाय जुळवून उभ्या राहा म्हणाले, हात बाजूला सोडा, आता डोळे मिटा. स्वतः माझ्या मागे दोन्ही हात पसरून उभे. 'अहो डॉक्टर, एवढं काय त्यात,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि वाक्य संपायच्या आत त्यांच्या हातांवर रेलले होते.

या तपासणीला रोम्बर्गचं नाव आहे. मॉरिट्झ रोम्बर्ग हे बर्लिनचे डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मज्जासंस्थेच्या रोगांवरच्या ग्रंथात त्यांनी हे लक्षण नोंदवून ठेवलं. पायांकडून मेंदूला जाणारी खबर बंद पडली की माणूस डोळ्यांच्या जोरावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की तोही आधार जातो. सकाळी तोंड धुताना तोल जातो ही अशा रुग्णांची ठरलेली, जुनी तक्रार. म्हणजे माझ्या बेसिनला चांगली पावणेदोनशे वर्षांची परंपरा निघाली.

मग डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क काढला. शाळेत तो टेबलाच्या कडेवर आपटून कानाशी धरायचो, तोच. माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून त्यांनी विचारलं, "कंप कळतोय?" मी म्हटलं, "ठेवलाय का तुम्ही?" घोट्यावर ठेवला, तिथेही काही नाही. नडगीवर सरकत सरकत गुडघ्यापाशी आला तेव्हा कुठे गुणगुणल्यासारखं कळलं. मधुमेह जुना, साखर आता ताब्यात आहे, पण मधल्या काळात तळपायांच्या नसांनी आपलं काम आटोपतं घेतलं होतं.

मी नोकरी केली टेलिफोन खात्यात, आणि सुरुवात केली परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या ट्रंक बोर्डावर, त्यामुळे मला हे प्रकरण लाइनींच्या भाषेतच समजलं. तोल सांभाळायला मेंदूकडे तीन लाइनी येतात. एक डोळ्यांची. दुसरी कानाच्या आतली: तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांत द्रव, आणि शेजारच्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी सूक्ष्म खडे, डोकं कुठे वळलं, किती झुकलं, ते तिथून कळतं. तिसरी लाइन तळपाय, घोटे, गुडघे यांची. जमीन सपाट आहे की उताराची, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, ही बातमी तीच देते. एक लाइन बंद पडली तरी उरलेल्या दोघींवर काम निभावतं. दुसरीही गेली की पंचाईत. माझी तिसरी बंद, आणि अंधार झाला की पहिलीही बंद. पहाटे तीनला बाथरूमला जाणारी माझ्या वयाची बाई एकाच लाइनीवर चालत असते. ती लाइनही आता जुनीच झालेली.

निदान घरी कळलं आणि घर कामाला लागलं. दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. बाथरूममध्ये कमोडशेजारी स्टीलची दांडी बसली, नळापाशी दुसरी. कॉटपासून बाथरूमच्या दारापर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे लागले. दारातलं पायपुसणं, जे दर आठवड्याला कुणाला ना कुणाला घसरवायचं, ते गेलं आणि खाली रबर असलेलं आलं. हे सगळं योग्यच झालं, आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या घरात कुणी पडायच्या आधी व्हावं.

पण त्याच्या जोडीने दुसरं सुरू झालं. मला उठू देईनात. सून म्हणे, "आई, तुम्ही बसा, मी देते." मुलगा म्हणे, "तू कशाला उठलीस?" भाजी आणायला मुलगा, वर्तमानपत्र हातात, गोळ्या हातात, चष्मा हातात. आमच्या ह्यांनी तर लग्नानंतर पहिल्यांदा मला चहा करून दिला; तो कसा झाला होता हा या लेखाचा विषय नाही. सगळ्यांचं प्रेम खरं, काळजी खरी. मलाही त्या काळात बसून राहण्यात काही वावगं वाटत नव्हतं. आयुष्यभर उभं राहून काढल्यावर कुणी बसा म्हणालं तर कोण नाही म्हणेल?

याचा हिशेब सोफ्याने दिला. आमचा सोफा मऊ आणि बुटका. त्यावरून उठताना आधी एक हात लागायला लागला, मग दोन, मग "अहो, जरा हात द्या." तळपायांच्या नसा काही एवढ्यात आणखी बिघडल्या नव्हत्या. गेल्या होत्या त्या मांड्या.

अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, चांगल्या धडधाकट लोकांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. आजार नाही, ऑपरेशन नाही, नुसतं झोपून राहायचं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ १ किलो मांस गेलं. माझ्या घरच्यांनी मला झोपवलं नव्हतं, बसवलं होतं. पण हिशेब त्याच वहीतला. पडू नये म्हणून बाई बसली, बसल्यामुळे मांड्यांतलं बळ गेलं, बळ गेल्यावर आधी नुसता डुलणारा तोल आता सावरायलाही पायांत काही उरलं नाही, त्यामुळे भीती वाढली, आणि भीती वाढली म्हणून ती आणखी बसली. हे चक्र मी आमच्या सोसायटीत निदान पाच-सहा घरांत बघते आहे. एकाही घरात कुणी वाईट वागलेलं नाही.

आमच्या कॉलनीत एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, माझ्या नातीहून थोडी मोठी. गुडघ्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेले होते. तिने गुडघ्यांना हात लावायच्या आधी एक साधी खुर्ची ठेवली, तीन मीटरवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "काकू, उठायचं, तिथपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने, शर्यत नाही." हातात मोबाइलचं घड्याळ. ही तपासणी जगभर करतात. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा असा सर्वसाधारण संकेत आहे. माझे किती लागले ते तिने कागदावर लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. हुशार मुलगी.

मग तिने विचारलं, "स्वयंपाकाचा ओटा केवढा उंच आहे?"

माझा सगळा व्यायाम त्या ओट्यापाशी झाला आणि अजून होतो. ओटा का? कारण तो हलत नाही, सरकत नाही, कमरेच्या उंचीचा असतो आणि आपण तिथे तसेही दिवसातून दहा वेळा उभे असतो. ओट्याकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही तळवे ओट्यावर, आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर यायचं. दूध तापेपर्यंत एवढंच. दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे मान आपोआप वर राहते आणि पायांकडे बघायचा मोह होत नाही. मग चवडे उचलून टाचांवर. मग ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खेकड्यासारखं आडवं चालायचं, सिंकपासून गॅसपर्यंत, आणि परत. मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा चवडा जेमतेम चिकटवून, एका रेषेत उभं राहायचं.

हे शेवटचं अवघड. त्यात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घोटे एवढे लटपटले की मी लगेच पाय मागे घेतला. ती म्हणाली, "काकू, लटपटू दे. तेच तर हवंय." मग तिने सांगितलं ते मला पुढे फार उपयोगी पडलं. तळवे टेकून जमायला लागलं की बोटांवर यायचं. दहा बोटांवर जमलं की चार, मग दोन. ओट्यावर दोन बोटं टेकलेली, आणि अंगठा अधांतरी. एखाद्या दिवशी काहीच लटपटलं नाही तर समजायचं की आजचा व्यायाम फुकट गेला, उद्या एक बोट कमी करायचं. मेंदूला तिसऱ्या लाइनीची उरलीसुरली खबर ऐकायला भाग पाडायचं तर त्याला आधी थोडं अडचणीत आणावं लागतं, हे त्यामागचं शास्त्र. फक्त ती अडचण अशा जागी आणायची जिथे समोर ओटा आहे आणि मागे, अगदी गुडघ्यांना लागेल अशी, खुर्ची. बाथरूममध्ये नाही.

घरच्यांना हे पचनी पडेना. त्यांच्या दृष्टीने मी मुद्दाम पडायचा सराव करत होते. मुलाने तर फिजिओला फोन करून विचारलं की हे नक्की बरोबर आहे ना. तिने त्याला न्यूझीलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या ओटागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात म्हाताऱ्या लोकांसाठी घरच्या घरी करायचा कार्यक्रम बसवला: घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, आणि जमेल तसं चालणं. पहिल्या चाचणीत २३३ बायका होत्या, सगळ्या ८० च्या पुढच्या. पुढे चार चाचण्यांतले ६५ ते ९७ वयाचे १०१६ लोक एकत्र मोजले तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. जिममध्ये नाही, यंत्रांवर नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, खुर्चीपाशी. मुलगा गप्प झाला. पटलं असं नाही, पण आकड्यांपुढे तो नेहमीच गप्प होतो.

मला स्वतःला त्याहून बोस्टनची गोष्ट आवडते. १९९० साली तिथल्या एका वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या माणसांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनं उचलायला लावली, तीही चांगली जड. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. शंभराच्या वर टक्के बघून मला आधी छपाईची चूक वाटली. पण वाढणारच, कारण मुळात उरलीच होती एवढीशी. नव्वदीतल्या माणसाचा स्नायू ऐकतो, त्याला फक्त कुणी सांगत नाही.

माझं वजन म्हणजे मी स्वतः. हात छातीवर दुमडून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. बसताना धप्पकन नाही, सावकाश, जणू खाली अंडी ठेवलीत. गुडघे कुरकुरतात. पहिले काही महिने खुर्चीवर दोन उशा होत्या, मग एक. सोफ्यावरून मी अजूनही हात टेकूनच उठते आणि त्याचा दोष मी सोफ्याला देते.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे सगळं होतंच की. जमिनीवर पंगतीला बसणं, जात्यावर, पाट्यावर, उठणं, वाकणं. अर्धं खरं आहे. मंगळागौरीचे खेळ आठवा: फुगडी, झिम्मा, पिंगा. वजन या पायावरून त्या पायावर, गिरकी, एकदम थांबणं, समोरच्या हातांवर भार टाकून मागे झुकणं. वारीतली पावली बघा, पुढे, मागे, आडवं, टाळांच्या ठेक्यावर. तोलाचा याहून चांगला वर्ग कोण घेणार? माझ्या मैत्रिणीची सासू पंच्याहत्तरीत बसफुगडी घालायची. पण त्याच घरातली दुसरी म्हातारी न्हाणीघराच्या ओल्या शहाबादीवर पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि पुन्हा उठली नाही. त्या काळात खुबा मोडणं म्हणजे अंथरूण धरणं, एवढंच होतं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी त्या न्हाणीघरात एकदा ओल्या पायांनी उभं राहून बघावं.

पुण्याचा म्हणून मला अभिमान वाटतो तो अय्यंगार गुरुजींचा. योग म्हटलं की लोकांना पिळदार तरुण दिसतात. पण बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, भिंत हे सगळं आसनांत आणलं, म्हणजे ज्याचं अंग ऐकत नाही त्यालाही आसनात उभं राहता यावं. २०१४ साली ९५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या पद्धतीने शिकवणाऱ्या एका बाईंकडे मी भिंतीला पाठ लावून वृक्षासन करायला शिकले. माझं वृक्षासन म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकलेली, चवडा जमिनीवर. झाड नाही, झुडूप. बाई म्हणाल्या, झुडूप चालेल.

काठीबद्दल मात्र मला थोडं भांडायचं आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक गृहस्थ डिसेंबरातही छत्री घेऊन येतात. लांब, दांड्याची. पाऊस नाही, ऊन नाही. सगळ्यांना माहीत आहे ती कशासाठी आहे, आणि कुणी बोलत नाही. काठी घेतली की म्हातारा झाला असं जगाला कळतं. जसं काही त्याआधी जगाला त्यांचं वय पंचवीस वाटत होतं. छत्रीचं टोक लोखंडी, ओल्या फरशीवर ते सरकतं. काठीच्या टोकाला रबरी बूच असतं, ते झिजलं की बदलायचं, दहा-वीस रुपयांची वस्तू. उंचीही ठरलेली: हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला हवी. आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते, विरुद्ध हातात धरायची. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे जातात आणि भार दोघांत वाटला जातो. दहातले सात जण चुकीच्या हातात धरतात, आणि सिनेमावाले तर दहातले दहा. दुकानदार यातलं काही सांगत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. काठी कशी धरायची ते शिकवायला मात्र कुणी येत नाही.

मी बाहेर पडताना काठी घेते, घरात घेत नाही. बाहेर ती माझ्या पायांपेक्षा लोकांसाठी जास्त उपयोगी आहे. स्कूटरवाले पुण्यातसुद्धा थोडे हळू होतात.

तोल जाणं, चक्कर येणं, पाय लटपटणं, या सगळ्याला आपण एकच नाव देतो आणि एकच उपाय करतो, तेही चुकतं. शेजारच्या काकूंना कुशीवर वळलं की खोली गरगरायची. कुणीतरी स्पाँडिलायटिस म्हणून मानेला पट्टा दिला. कितीतरी दिवस पट्टा लावून त्या आरामखुर्चीत बसून झोपायच्या, आडवं व्हायची भीती. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर एका बाजूला डोकं वळवून झटकन आडवं केलं, डोळ्यांची बुबुळं कशी थरथरतात ते पाहिलं आणि सांगितलं की कानातले खडे जागा सोडून नलिकेत गेलेत. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून खडे परत जागेवर. ही एप्लींची पद्धत; अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या या डॉक्टरांनी १९९२ साली ती प्रसिद्ध केली. औषध नाही, पट्टा नाही, काही मिनिटांचं काम. काकू त्या रात्री आडव्या झोपल्या, आणि आठ दिवसांत पट्टा भंगारवाल्याला गेला.

कुणाला रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठल्याबरोबर अंधारी येते. त्यांनी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावं आणि डॉक्टरांना उभ्याने रक्तदाब मोजायला सांगावं. शाकाहारी माणसांनी बी-बारा तपासावं, पायांच्या संवेदना त्यानेही जातात. जिन्यावर लांबचा-जवळचा एकत्र असलेला बायफोकल चष्मा घात करतो, कारण खाली बघताना आपण वाचायच्या भागातून बघतो आणि पायरीची कड धूसर होते. माझा बाहेरचा चष्मा आता साधा, लांबचाच आहे. किंमत वाचायची असेल तर दुकानदाराला विचारते.

स्वीडनच्या लोकांनी एक गंमत शोधून काढली, १९९७ साली. वृद्धनिवासात चालणाऱ्या माणसाशी सोबतच्याने सहज बोलायला सुरुवात करायची. काही जण चालत चालत उत्तर देतात, काही जण थांबतात आणि मग बोलतात. पुढच्या सहा महिन्यांत, थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी पडले. चालायलाच सगळं लक्ष लागत असेल तर बोलायला काही उरत नाही, हे त्याचं कारण. मी हे वाचल्यापासून सकाळी बागेत सगळ्यांना प्रश्न विचारत सुटले. आमचे हे थांबले. मी घाबरले, तर म्हणाले, "तू विचारलंस काय ते आधी कळू दे, मग चालतो." हे त्यांचं चाळीस वर्षांपूर्वीपासूनच असं आहे, त्यामुळे मी ते धरलं नाही.

बागेपर्यंत ठीक. बागेबाहेर पडलं की फुटपाथ आहे, म्हणजे नाही. पेव्हर ब्लॉक वर आलेले, मध्येच केबलचं झाकण, मध्येच कुणाची तरी पार्किंग केलेली मोटरसायकल, म्हणून रस्त्यावर उतरायचं, आणि उतरायची पायरी वीतभर उंच. एसटीने ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत केला. खरंच चांगलं केलं, आमच्या संघातले कितीतरी जण त्यामुळे गावाला जाऊन यायला लागले. पण साध्या लाल गाडीची पहिली पायरी अजून तिथेच आहे, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. खालून कंडक्टर "चला आजी, चला" म्हणतो आणि वरून कुणीतरी हात देतं. तो हात चुकीच्या बाजूने ओढला की खांदा जातो. ओट्यापाशी मी पाटावर चढ-उतार करते ती या पायरीसाठी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आता माझ्या यादीत नाहीत. एसटीची एक आहे.

आता जमिनीचं. पडायचं नाही याबद्दल सगळे बोलतात. पडल्यावर उठायचं कसं हे कुणी शिकवत नाही, आणि मला विचाराल तर भीतीचं मूळ तिथे आहे. हाड न मोडताही माणसं तासन्‌तास फरशीवर पडून राहतात, केवळ उठता येत नाही म्हणून. मोबाइल टेबलावर, दार आतून लावलेलं, हाक मारून घसा बसतो.

म्हणून आमच्या संघात महिन्यातून एकदा सतरंजी अंथरून फिजिओ मुलगी उठायचं शिकवते. आधी तिने सांगितलं की घाईने उठायचं नाही. पडल्या जागी शांत पडून कुठे दुखतंय ते बघायचं, आणि हाडाची शंका असेल तर हलायचंच नाही, हाक मारायची. काही नसेल तर कुशीवर वळायचं. कोपरावर या. मग दोन हात, दोन गुडघे, रांगणाऱ्या बाळासारखं. तसंच रांगत भक्कम खुर्चीपाशी किंवा पलंगापाशी. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. मग ताकदीच्या बाजूचा पाय उचलून तळवा पुढे जमिनीवर, हातांनी आणि त्या पायाने रेटा, वर या, आणि अर्धवट उभं असतानाच वळून खुर्चीवर बसा. उभं राहून मोकळं व्हायचं नाही. बसा, श्वास घ्या.

शिकताना हे उलटं शिकवतात: आधी खुर्चीतून एक गुडघा टेकायचा आणि परत वर. ते जमलं की दोन गुडघे आणि परत. मग हात. असं एकेक पायरी खाली उतरत जमिनीपर्यंत. त्यामुळे जिथे अडलं तिथूनच परत वर यायची वाट माहीत असते. ज्यांचे गुडघे बदललेत त्यांना ती गुडघ्यांखाली जाड उशी देते आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारते. पहिल्या दिवशी बायका नुसत्या हसत होत्या. साडी सावरायची कशी, इथपासून सुरुवात. पुरुष मंडळी भिंतीला लागून, हाताची घडी घालून, आपण परीक्षक असल्यासारखी.

त्यांतले एक, एक्याऐंशीचे, बँकेतून निवृत्त, दर वेळी बघायला यायचे आणि दर वेळी म्हणायचे की मला हे लागत नाही. परवा न बोलता चपला काढल्या, खिशातलं पाकीट आणि दातांची डबी माझ्याकडे दिली आणि सतरंजीवर उतरले. उतरायला बराच वेळ लागला. खाली पोचल्यावर त्यांना कुशीवर वळायचं आठवेना, तर चार बायका एकदम चार सूचना द्यायला लागल्या. फिजिओने सगळ्यांना गप्प केलं. ते वळले, कोपरावर आले, रांगले, खुर्ची धरली. गुडघा पुढे येईना, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा आला. बसल्यावर पहिला प्रश्न, "वेळ किती लागला?" वेळ मोजत नाही म्हटल्यावर नाराज झाले आणि म्हणाले, पुढच्या वेळी मोजायचा.

पुढच्या महिन्यात आमच्यातल्याच एकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हॉलवर टेबलं-खुर्च्या सांगितल्या आहेत, सगळ्यांच्या सोयीसाठी. या गृहस्थांनी परस्पर केटररला फोन करून कोपऱ्यात दोन पाट मांडायला लावले, भिंतीशी, शेजारी एक भक्कम खुर्ची ठेवून. एक स्वतःसाठी, दुसरा माझ्यासाठी. मला विचारलंसुद्धा नाही.